हजेरीचा सोमवार

त्या सोमवारी भाई होडीत बसला म्हणून मेला. ताप होता, छातीत खोकला होता, ते सगळं होतं. पण मेला तो होडीत बसला म्हणून. डॉक्टराला काय लिहायचं ते त्याने लिहिलं. मी माझं सांगते.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, लवू तांडेल. मी कावेरी, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती त्याच्याच घरात राहिले. तो आणि वैनी मला कधी जास्तीची म्हणाले नाहीत.

आमचं घर खाडीच्या अलीकडे, पोलीस ठाणं पलीकडे. भाई जामिनावर होता. दर सोमवारी ठाण्यात जाऊन हजेरी द्यायची ही एक अट. कुठल्याच होडीत, मचव्यात, गलबतात पाय ठेवायचा नाही ही दुसरी. आता खाडी ओलांडायची पण होडीत बसायचं नाही, हे कसं जमवायचं ते मुंबईच्या कोर्टाने सांगितलं नव्हतं. म्हणून भाई वरचा कातळाचा सडा चढून, व्हाळाचा ओढा ओलांडून, पार वरच्या पुलावरून वळसा घालून जायचा. पहाटे निघाला तर दुपारी पोचायचा, परत येईपर्यंत काळोख. तरीतून गेलं तर पान खाऊन संपत नाही एवढ्यात पलीकडे. आमच्या खाडीवरची तर म्हणजे गंगारामाची होडी. ती या काठाची माणसं त्या काठाला नेते, त्या काठाची या काठाला आणते. दिवसभर तेच.

त्या सोमवारी भादवा होता, गणपती बोळवून झाले होते. आदल्या दोन दिवसांत पाऊस असा पडला की व्हाळ दोन्ही बाजूंनी फुगला. म्हशी उतरेनात, तिथे माणूस काय उतरणार. आणि भाई तापाने फणफणलेला. वैनी दारात आडवी उभी राहिली.

"आज जाव नको," ती बोलली. "मेलंस तर हजेरी कोण देतलो?"

"नाय गेलंय तर मेहबूबाचे माड जातले," भाई बोलला.

मेहबूब विजयदुर्गचा. भाईबरोबर खलाशी म्हणून वाढला, नंतर बापाची बाग सांभाळू लागला. भाईला जामीन राहायला आमच्या भावकीतलं कोणी पुढे आलं नाही, हा आला आणि आपली माडांची बाग लिहून दिली. भाईने अट मोडली तर बागेवर जप्ती. भाई स्वतःच्या मरणाला भ्यायचा नाही, पण मेहबूबाच्या माडांना भ्यायचा.

आता बघा. नाही गेला तर अट मोडते. गेला आणि होडीत बसला तर अट मोडते. तो अंथरुणावर उठून बसला. मग मला बोलला, कावेरी, छत्री घे. हजेरी चुकली तर म्हणतील पळालो. होडीत बसून का होईना, ठाण्यात गेलो तर पळालो असं कोण म्हणेल? त्याचा हिशेब सरळ होता. सरळ माणसाचा हिशेब होता तो.

घाटावर गंगाराम होडी उपसत होता. आम्हाला बघून हातातली नारळाची करटी खाली ठेवली. त्याला अट ठाऊक होती. सगळ्या गावाला ठाऊक होती. भाई सड्यावरून चालत जायचा तेव्हा हाच खालून होडीतून ओरडायचा, "काय रे तांडेला, आता रानातलो कोल्हो झालंस?" आणि भाई वरून ओरडायचा, "कोल्ह्याक हजेरी नसता रे." त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. "बस," बोलला. "मी काय बघूक नाय." आणि खरंच मान फिरवून वल्ही मारायला लागला.

मी भाईला धरून बसले. त्याचा हात होडीच्या कडेवर होता. कित्येक महिन्यांत त्याने होडीच्या लाकडाला हात लावला नव्हता. तो नुसता हात फिरवत राहिला.

पलीकडच्या धक्क्यावर फौजदार उभा होता. नवीन आलेला, वर देशावरचा माणूस, पाण्याकडे बघतानाही दोन पावलं मागे राहणारा. त्याला आमच्या बाजूला कसल्या तरी चौकशीला यायचं होतं म्हणून तरीची वाट बघत होता. भाईला उतरताना बघितलं आणि ओळखलं.

"तू लवू तांडेल ना?"

"होय साहेब. हजेरीला आलो."

"होडीतून?"

भाईने सांगितलं की व्हाळाला पाणी आलंय, ताप आहे, हजेरी चुकू नये म्हणून आलो. फौजदार बोलला, अटीत काय आहे ते मला शिकवू नकोस, माझ्या डोळ्यांदेखत होडीतून उतरलास. मला राहवलं नाही. मी बोलले, "मगे तो कसो येतलो? उडान? पळतलो माणूस कधी ठाण्याकडे पळता काय?" त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. भाईला दंडाला धरलं आणि चढणीवरून नेलं. धक्क्यावरून ठाणं दिसतं. तेवढ्या चढणीत भाई तीनदा खाली बसला.

हे असं कशामुळे झालं ते सांगायला मागे जावं लागेल.

गोवा सुटायच्या आधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. भाई बसऱ्याहून खजूर भरून गलबत घेऊन येत होता. मकराणच्या बाजूला दर्यात एक फुटलेली होडी दिसली, माणसं फळ्यांना धरून लटकलेली. भाईने शीड उतरवलं आणि सगळ्यांना वर घेतलं. पुरुष होते, बायका होत्या. पाणी दिलं, पेज दिली, कपडे दिले. नावं विचारली नाहीत.

आमच्या लोकांत ही रीत आहे. दर्यातून काढलेल्या माणसाला नाव विचारायचं नाही. ओल्या अंगाने त्याने नाव सांगितलं तर दर्या ते ऐकतो आणि पुन्हा हाक मारतो. तो जमिनीवर उतरेपर्यंत तो कोण, कुठला, कोणाचा, काही विचारायचं नाही. आमचा आजा तसं वागला, बापूस तसा वागला, भाई तसा वागला. वाटेत जे पहिलं बंदर लागलं तिथे त्याने त्यांना उतरवलं. त्यातला एक जण अंगाने जाड होता, बाकीच्यांवर ओरडायचा. त्यांना घेऊन तो किनाऱ्यावर निघून गेला. भाई आला घरी. आम्हाला खजूर दिले, ती गोष्ट सांगितली आणि विसरला.

तो जाडा त्या माणसांना विकायला नेत होता. उतरवल्यावर त्याने ती तिकडे आत नेऊन विकली. पुढे काही वर्षांनी त्यातलं कोणी तरी सुटलं आणि तिकडच्या सरकारला सांगितलं, आम्हाला अमुक बंदरात एका हिंदी गलबताने आणून सोडलं. बंदरात गलबताचं आणि ते चालवणाऱ्या तांडेलाचं नाव लिहिलेलं होतंच. बुडत्यांना वाचवणारा लवू तांडेल माणसं विकणारा लवू तांडेल झाला.

त्रेसष्ट साली पावसाळ्याआधी भाई मचव्याला तेल चोपडत होता. जीप आली. हात पुसायलाही दिले नाहीत. मुंबईला नेला तो माशाच्या तेलाच्या हातांनीच.

वकील आमच्याच तालुक्यातला मिळाला, हरिश्चंद्र वकील. मुंबईत स्थायिक झालेला, पण मनाने बरा. आम्ही विचारलं, वकीलसाहेब, हा गुन्हा त्याने केलाच नाही, हे कोर्टाला कधी सांगायचं? तो बोलला, "ता हंय सांगूचा नाय. हंय खटलो नाय. तेका तिकडे धाडूचो काय नाय, एवढाच हंय बघतत."

मी बोलले, म्हणजे त्याने केलं की नाही हे इथे कोण विचारणारच नाही?

कोण नाही, तो बोलला. ते तिकडचे बघतील. तिकडे धाडल्यावर. समुद्रापार, ज्या देशात त्याचं कोणी नाही, ज्यांची भाषा त्याला येत नाही, तिथे. आणि इथलं सरकार, ज्याच्या मतदानाला आम्ही उन्हात उभे राहिलो, ते फक्त एवढं बघणार की कागदावर शिक्का बरोबर आहे का. तेव्हा माझ्या अंगाची आग झाली, ती अजून विझली नाही.

आणि ते कागद तर येतच नव्हते. तिकडच्या सरकारने आधी तार केली की पकडा. पकडला. मग कागद पाठवतो म्हणाले. तारीख पडायची, सरकारी वकील उभा राहायचा, कागद वाटेवर आहेत सांगायचा, की पुढची तारीख. मग कागद आले तर त्यावर एक सही कमी. पुन्हा पाठवले. तोपर्यंत भाई तुरुंगात. वैनी आणि मी एस्टीने फोंडाघाटावरून कोल्हापूर, तिथून मुंबई, असं दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्याला ओळखायला मला वेळ लागला. दर्यात वाढलेला माणूस, चार भिंतींत ठेवलेला. खोकला तिथेच लागला.

जामीन मागितला की सरकारी वकील एकच बोलायचा. हा खलाशी आहे, एकदा पाण्यावर गेला की हाती लागणार नाही, आणि परदेशाला आपल्या सरकारने शब्द दिलाय. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाने सख्ख्या भावाचं डोकं कोयत्याने फोडलं. तो दिवाळीच्या आत जामिनावर सुटला आणि जत्रेच्या दशावतारात राजा झाला. मुकुट घालून बोलला, प्रजाजनहो. आम्ही पुढे बसून बघितला. तो सुटला, कारण त्याने परदेशातल्या कोणाचं डोकं फोडलं नव्हतं.

शेवटी तुरुंगाच्या डॉक्टराने खोकल्याचं लिहून दिलं आणि मॅजिस्ट्रेटने जामिनाचं ऐकायला घेतलं. मी आणि वैनी मागच्या बाकावर होतो. मॅजिस्ट्रेटने भाईला सरळ विचारलं, तू ज्यांना नेलंस त्यांची नावं काय?

"ठाऊक नाही साहेब."

"एकाचंही नाही? कोण होते ते?"

"बुडणारे होते," भाई बोलला.

कोर्टात हसले लोक. सरकारी वकील बोलला, एवढे दिवस गलबतावर ठेवली, जेवू घातली, आणि नाव विचारलं नाही, हे कोणाला पटेल? भाईने रीत सांगायला तोंड उघडलं, हरिश्चंद्र वकिलाने डोळ्याने गप्प केलं. नंतर म्हणाला, दर्या नाव ऐकतो असं कोर्टात सांगितलं असतंस तर आणखी हसले असते. असतील हसले. पण ते खरं होतं, आणि तेवढं एकच खरं त्याच्याकडे होतं.

मग अटींचं आलं. मॅजिस्ट्रेट काही वाईट माणूस नव्हता, हे मी सांगते. त्याने होडीची बंदी घातली आणि हजेरी सांगितली, तेव्हा विचारलंही, घरापासून ठाण्यापर्यंत वाट आहे ना नीट? आणि भाई बोलला, "आहे साहेब. रोजची वाट आहे."

आम्ही तिघेही तिथे होतो. मी, वैनी, आणि आमच्याच मुलखातला वकील. एकालाही काही वाटलं नाही. आमच्याकडे खाडीला कोणी खाडी म्हणून मोजतच नाही. बाजाराची वाट, शाळेची वाट, देवळाची वाट, सगळ्या वाटांत गंगारामाची तर असतेच. पलीकडे गेलो म्हणतो, होडीत बसलो असं कोणी म्हणत नाही. सासरी जाणारी पोरगीसुद्धा सांगते, चालत गेले. भाईच्या डोळ्यांसमोर तीच वाट होती, खाली घाट, गंगाराम, वर ठाणं. तो आहे बोलला आणि मॅजिस्ट्रेटने सही केली.

घरी आल्यावर, घाटावर उभं राहिल्यावर कळलं. भाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला आणि पाण्याकडे बघत बोलला, "अरे, ही होडी आसा."

वकिलाला कळवलं. त्याने अर्ज केला की तरीपुरती सूट द्या. सरकारी वकिलाने बोलायला मुदत मागितली, परदेशाला विचारावं लागेल म्हणून. आमच्या खाडीतली तर चालेल का हे समुद्रापारच्या सरकारला विचारायचं! त्यांना खाडी ठाऊक नाही, गंगाराम ठाऊक नाही. तारीख पडली. पुन्हा पडली. तेवढे सोमवार भाई सड्यावरून चालला. उन्हात चालला, पावसात चालला. ठाण्यात बाबली हवालदार होता, जुना माणूस, तो त्याला बसवून चहा द्यायचा आणि बोलायचा, "तांडेला, माका काय दिसाचा नाय, तू तरीन ये." भाई नाही बोलायचा. बाबलीचा विश्वास होता, पण बाबलीची बदली झाली तर? आणि मेहबूबाचे माड? बाबलीची बदली झाली नाही, पण त्याच्यावर नवीन फौजदार आला. तोच धक्क्यावर उभा असलेला.

तर त्या सोमवारी भाईला कोठडीत घातलं. मी ठाण्याच्या पडवीत बसले. बाबलीने चहा आणला, भाईला घोट गेला नाही. मी फौजदाराला बोलले, दवाखाना समोर आहे, तिथे तरी न्या. तो बोलला, हा साधा आरोपी नाही, देशादेशातला मामला आहे. बंदोबस्ताशिवाय बाहेर काढता येणार नाही आणि बंदोबस्ताला माणसं नाहीत. रत्नागिरीला तार केलीय, वरून हुकूम येऊ दे. मी बोलले, हुकूम येईपर्यंत माणूस राहायला नको? तो बोलला, बाई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. त्याने दवाखान्यातून डॉक्टरालाही बोलावलं नाही. बोलावला तो नंतर, कागदावर लिहायला.

मग तो जबाब घ्यायला कोठडीत गेला. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. कोणाच्या होडीतून आलास, नाव सांग, म्हणत होता. त्याला गंगारामालाही गुंतवायचं होतं. स्वतः होडी बघितली होती, तरी भाईच्या तोंडून हवं होतं.

"नाव इचारूक नाय, साहेब," भाई बोलला.

फौजदाराने पुन्हा विचारलं. भाई पुन्हा तेच बोलला. मुंबईच्या कोर्टात ज्यावर लोक हसले होते, तेच. मला भिंतीच्या अलीकडून कळलं की तो हसतोय. नंतर खोकल्याची उबळ आली आणि फौजदार बाहेर आला, अंगावर काही उडालं होतं ते रुमालाने पुसत.

दिवेलागणीच्या आधी बाबलीने मला आत सोडलं. भाईने विचारलं, "भरती लागली काय गो?" मी लागली बोलले. मला काय ठाऊक लागली की नाही, पडवीतून पाणी दिसत नव्हतं. तो बोलला, मगे गंगारामाक सांग, खाडीतल्या गाळाच्या भाटी जवळना घेव नको, थंय खडक पाण्याखाली दिसाचे नाय. तेवढंच बोलला. दिवे लागेपर्यंत गेला.

मग सगळं भराभर झालं. माणूस जिवंत असताना हुकूम नव्हता, मेल्यावर हुकूम आला. डॉक्टर आला. पंच आले. बंदोबस्तालाही माणसं आली. दुसऱ्या दिवशी भाईला घरी न्यायचा तर कसा? व्हाळाला पाणी होतंच. गंगारामाच्या होडीतून नेला. धक्क्यावर फौजदार होता, हवालदार होते, वरचे कोण कोण होते. मेल्यावर त्याला होडीत घातला तेव्हा कोणी अडवलं नाही. कोणी अट वाचून दाखवली नाही.

मेहबूब विजयदुर्गहून आला, खांदा द्यायला. त्याच्या माडांना काही झालं नाही. मेलेल्याच्या जामिनावर जप्ती येत नाही म्हणे. तो पडवीत बसून रडत बोलला, गेले असते माड तर गेले असते, कावेरी, तुका तेका सांगूक येवक नाय? सांगितलं असतं तरी तो ऐकणारा नव्हता.

बाराव्यानंतरची गोष्ट. मी आणि वैनी घाटावर कपडे धूत होतो. पलीकडच्या धक्क्यावरून कुकारा आला. आमच्याकडे पलीकडून तर बोलवायची म्हणजे तोंडाला हात लावून कू घालतात, आणि ती ऐकली की गंगारामाने जायचं, मग कोणी का असेना. मी मान वर केली. कू घातली होती बाबलीने. शेजारी फौजदार उभा होता, बगलेत कागद. वैनीचा अंगठा पाहिजे होता त्याला, कोठडीत काही वावगं झालं नाही असं लिहिलेल्या कागदावर. बाबलीने आधीच निरोप धाडला होता.

गंगाराम खुंट्याला दोरी बांधून विडी ओढत बसला होता. तो उठला नाही. घाटावरच्या सगळ्या बायका थांबल्या. पलीकडून पुन्हा कू आली.

मी बोलले, "जाव नको, गंगाराम. उभो रवान्दे. व्हाळातना येवन्दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वैनीकडे. वैनी कपडा पिळत राहिली.

"कुकारो इलो गो," गंगाराम बोलला. विडी पाण्यात टाकली आणि दोरी सोडली.

मला त्याचाही राग आला. आणि राग येऊनही मी त्याला दुसऱ्यांदा अडवलं नाही. तो गेला. भाटीपासून लांब, खडक चुकवून गेला. पलीकडे होडी लागली, फौजदाराने एक पाय आत टाकला, आणि गंगारामाचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत नीट आला.

"बूट काढा साहेब. ही होडी आसा."

फौजदार तसाच उभा राहिला, एक पाय आत, एक पाय धक्क्यावर. बाबलीने आपले बूट आधीच काढले होते. मग फौजदार धक्क्यावर बसला, नाड्या सोडल्या, आणि बूट मांडीवर घेऊन आमच्या बाजूला यायला लागला.